टर्बो रोटरीचा आयडल आणि बूस्ट: बिघाड शोधायचा कसा

माझदा आरएक्स-७ नव्याने घेतलेल्या माणसाच्या तक्रारी फिरून फिरून दोनच असतात. उभ्या गाडीची रेस एका जागी टिकत नाही, आणि पेडल दाबलं तर गाडी जशी ओढायला हवी तशी ओढत नाही. पहिल्या तक्रारीवर लोक आयडलचा, म्हणजे पेडल सोडल्यावर इंजिन ज्या वेगाने फिरतं त्याचा, स्क्रू फिरवत बसतात आणि दुसरीवर थेट टर्बो बदलायची भाषा सुरू होते. दोन्हींत घाई आहे. या इंजिनात आयडल आणि बूस्ट (टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा दाब) एकाच हवेच्या वाटेवर बसलेले आहेत. आयडलला मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळांत) जो व्हॅक्यूम तयार होतो, त्याच्याच जोरावर एफडी या आरएक्स-७च्या दोन टर्बोंच्या पिढीतल्या टर्बोंच्या झडपा हलतात. शिवाय आयडलला जी फट बाहेरची हवा आत ओढते, तीच फट बूस्टमध्ये आतली हवा बाहेर सोडते. म्हणून आयडल सरळ झाल्याशिवाय बूस्टच्या मागे लागू नका, हे माझं ठाम मत आहे. खालच्या पायऱ्याही त्याच क्रमाने आहेत.

हे सगळं १३बी या दोन रोटरच्या टर्बो इंजिनाबद्दल आहे. प्रत्येक रोटरचे ६५४ सीसी, एकूण १३०८ सीसी. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या एफसी या आधीच्या पिढीमध्ये त्याला एकच टर्बो होता. १९९१ ते २००२ या काळात बनलेल्या एफडीमध्ये एकामागून एक कामाला लागणारे दोन टर्बो आले. सिक्वेन्शियल म्हणतात ती हीच व्यवस्था, आणि नव्या माणसाला सर्वात जास्त घाबरवते तीही हीच.

बूस्टला हात लावण्याआधी

रोटरीत पिस्टन नाहीत. तिच्यात त्रिकोणी रोटर फिरतो आणि त्याच्या तिन्ही टोकांना एपेक्स सील नावाच्या बारीक पट्ट्या असतात. पिस्टनचं इंजिन थोडंफार नॉकिंग (डिटोनेशन, म्हणजे मिश्रण अवेळी स्फोटासारखं पेटणं) सहन करतं. या इंजिनाचं तसं नाही. बूस्टमध्ये पेट्रोल कमी पडलं आणि एकदा जोरात डिटोनेशन झालं, की एपेक्स सील तडकू शकतं. तुटलेला तुकडा हाउसिंगवर ओरखडे काढत एक्झॉस्टमधून बाहेर पडतो आणि जाता जाता टर्बाइनच्या पात्यांनाही लागतो. म्हणजे एका चुकलेल्या चाचणीत इंजिनही जातं आणि टर्बोही.

म्हणून कारण सापडेपर्यंत गाडी बूस्टमध्ये न्यायची नाही. बूस्ट गेजचा काटा शून्याच्या वर सरकू लागला की पाय उचलायचा. ‘जरा दाबून बघतो, काय होतंय ते कळेल’ ही पद्धत इतर गाड्यांना चालत असेल, इथे चालत नाही.

दुसरी गोष्ट पेट्रोलच्या वासाची. बॉनेटखाली कच्च्या पेट्रोलचा वास आला तर इंजिन लगेच बंद करा आणि फ्युएल रेलवरचा (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीवरचा) पल्सेशन डँपर, म्हणजे दाबाचे धक्के शोषणारा भाग, पाहा. एफसी आणि एफडी दोन्हींमध्ये हा भाग जुना होऊन गळतो आणि त्यातून गाड्यांना आगी लागलेल्या आहेत. तो बदलेपर्यंत पुढची कुठलीही तपासणी करू नका.

साधनं

व्हॅक्यूम आणि बूस्ट दोन्ही दाखवणारा यांत्रिक गेज, मल्टिमीटर, हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप, टायमिंग लाइट, आणि रेग्युलेटर लावलेला एअर कंप्रेसर. बूस्टची चाचणी करायची असेल तर हवा आणि पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आणि त्याचा मीटरही हवाच. बऱ्याच एफडींच्या डॅशबोर्डवर कारखान्यातून बूस्ट गेज येत नाही. तिचा पाण्याच्या तापमानाचा काटाही मोठ्या पल्ल्यात मध्येच थांबून राहतो आणि इंजिन बरंच तापल्यावरच वर चढतो. त्यामुळे मूळ काट्यांवर विसंबून निदान करता येत नाही.

बिघाडाचे कोड वाचणारा, बाजारात मिळणारा साधा ओबीडी-२ स्कॅनर या गाड्यांवर चालत नाही. एफडीमध्ये डायग्नोसिस कनेक्टरची ‘टेन’ आणि ग्राउंड ही टोकं वायरच्या तुकड्याने जोडायची, किल्ली ऑन करायची आणि चेक इंजिन दिव्याची उघडझाप मोजायची. कोड मिळाला तर तपासणीचं पहिलं टोक हातात येतं. कोड नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं मात्र समजू नका. फाटलेल्या व्हॅक्यूम नळीला कोड नसतो.

पायरी १: इंजिन गरम करा आणि काटा वाचा

थंड इंजिन सुरू होताच रेस ३००० च्या आसपास चढते आणि काही सेकंद तिथेच थांबते. बऱ्याच नव्या मालकांना हाच पहिला बिघाड वाटतो. अनेक मॉडेलांत ती मुद्दाम केलेली सोय आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) तसं करतो. त्यानंतर इंजिन गरम होईपर्यंत रेस हळूहळू खाली येत राहते. हे पूर्ण झाल्याशिवाय आयडलबद्दल कुठलंही मत बनवू नका.

पूर्ण तापलेल्या, पोर्टिंगमध्ये (हवा आत-बाहेर जाण्याच्या तोंडांच्या आकारात) बदल न केलेल्या इंजिनाचा आयडल ७५० च्या आसपास असतो. गेजची नळी थ्रॉटलच्या (पेडलने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) पुढे, मॅनिफोल्डवर टी लावून जोडा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन साधारण १६ ते १८ इंच पारा इतका व्हॅक्यूम दाखवतं. उंचावर दर ३०० मीटरला सुमारे एक इंच कमी धरायचा.

आकड्याइतकंच महत्त्व काट्याच्या वागण्याला आहे. काटा स्थिर आहे पण १२-१३ इंचांवर, तर हवेची गळती किंवा चुकलेलं टायमिंग शोधा. काटा रेससोबत संथपणे वर-खाली झुलतो, तर ईसीयू आयडल सावरायची धडपड करतोय. कुठून तरी जास्तीची हवा येते आहे किंवा थ्रॉटलचा सेन्सर चुकीचा निरोप देतो आहे. काटा एका ठरावीक लयीत झटके देत असेल, तर कंप्रेशनकडे (रोटर मिश्रण किती दाबतो त्याकडे) संशय वळवा. आयडलला मुख्य शाफ्ट मिनिटाला ७५० फेरे घेतो तेव्हा रोटर त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे २५० फेरे घेतो. रोटरची एक बाजू अशक्त असेल तर ती प्रत्येक फेऱ्यात एकदा चुकते, म्हणजे सेकंदाला साधारण चार वेळा. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर ही लय हातालाही कळते.

आधीच्या मालकाने ब्रिज पोर्ट (हवेचं तोंड वाढवणारा बदल) केलेलं असेल तर ही सगळी मोजमापं बाजूला ठेवा. त्या इंजिनाचा आयडल मुळातच उंच आणि ठेचकाळणारा असतो आणि व्हॅक्यूमही कमी असतो. गाडी घेताना पोर्टिंगबद्दल विचारून घेतलेलं बरं. नाहीतर नसलेला बिघाड शोधण्यात महिने जातात.

पायरी २: कंप्रेशन, सगळ्याच्या आधी

बहुतेक जण ही पायरी शेवटी ठेवतात, कारण उत्तर काय येईल याची धास्ती असते. मला वाटतं ती पहिल्याच दिवशी करावी. इंजिनच थकलेलं असेल तर नळ्या, सेन्सर आणि सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपा) यांवर घातलेला वेळ आणि पैसा परत येत नाही.

इंजिन गरम असावं आणि बॅटरी पूर्ण चार्ज असावी. ईजीआयचा (पेट्रोल इंजेक्शनचा) फ्यूज काढून पेट्रोल बंद करा, इग्निशनची जोडणी सोडवा. एका रोटरचा एक प्लग काढा, पेडल पूर्ण दाबून धरा आणि सोबत्याला स्टार्टर फिरवायला सांगा. आधी गेजशिवाय नुसतं ऐका. प्लगच्या भोकातून ‘फस, फस, फस’ असे आवाज यायला हवेत, सारख्या अंतराने आणि सारख्या जोराचे. दोन जोरात आणि तिसरा दबका, किंवा तिसरा गायबच, असं ऐकू आलं तर एका बाजूचं सील गेलेलं आहे. दुसऱ्या रोटरलाही हेच करा. या चाचणीला काहीही खर्च नाही आणि ती सहसा खोटं सांगत नाही.

आकडे हवे असतील तर रोटरीसाठी बनवलेला टेस्टरच वापरा. पिस्टन इंजिनाचा साधा गेज तीन बाजूंपैकी सर्वात चांगल्या बाजूचा दाब पकडून ठेवतो आणि मेलेली बाजू लपवतो. त्यातला एकेरी व्हॉल्व्ह काढला तर काटा तिन्ही ठोक्यांना उसळताना दिसतो. तुलना करायला तेवढं पुरतं. माझदाच्या मापानुसार मिनिटाला २५० फेऱ्यांवर किमान दाब ६.० किलो प्रति चौ.सें.मी., म्हणजे सुमारे ८५ पीएसआय हवा. एकाच रोटरच्या बाजूंमधला फरक १.५ किलोपेक्षा जास्त नको. निरोगी इंजिन ८.५ च्या जवळ जातं. स्टार्टर हळू फिरत असेल तर दाब कमीच दिसेल, म्हणून आकड्यासोबत फेऱ्यांचा वेगही लिहून ठेवा.

गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी सुरू होत नाही, थंड असताना मात्र लगेच होतं, हे कंप्रेशन उतरल्याचं ठळक लक्षण आहे. थंड सुरुवातीला पांढरा धूर येतो, पहिली काही मिनिटं इंजिन थरथरतं आणि कूलंट थोडं थोडं कमी होत जातं, हे कूलंट सीलचं. या दोन्हींपैकी काही निघालं तर इथेच थांबा. पुढचं काम इंजिन उघडणाऱ्याचं आहे.

पायरी ३: ठिणगी

प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात. खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. जाळण्याचं मुख्य काम लीडिंग करतो. म्हणून एका रोटरचा ट्रेलिंग बंद पडला तर आयडलला फारसं कळत नाही, पण लीडिंग बंद पडला की इंजिन लगेच मिसिंग करू लागतं. दोन्ही लीडिंग प्लगना एकच जोडकॉइल असते आणि ट्रेलिंगना वेगवेगळ्या, हेही लक्षात ठेवा. दोन्ही रोटर एकदम अडखळत असतील तर लीडिंग कॉइल, तिचं कनेक्टर आणि ग्राउंड पाहा. एकच अडखळत असेल तर प्लग किंवा वायर.

मूळ प्लगही वेगळ्या तापमानाचे असतात. एफडीत लीडिंगला एनजीकेचा ७ क्रमांकाचा आणि ट्रेलिंगला ९ क्रमांकाचा. ते अदलाबदल होऊन बसलेले असणं, किंवा वायरी चुकीच्या प्लगवर लागलेल्या असणं, हे आपल्याला वाटतं त्याहून जास्त वेळा सापडतं. टायमिंग लाइटने पाहिलं तर गरम आयडलला लीडिंगची खूण टॉप डेड सेंटरनंतर (टीडीसी, मिश्रण सर्वात जास्त दाबलं जातं ती जागा) ५ अंशांवर आणि ट्रेलिंगची २० अंशांवर दिसायला हवी. जळण्याची सुरुवात टीडीसीनंतर पाहून पिस्टनची सवय असलेले मेकॅनिक ते ‘दुरुस्त’ करायला जातात. त्यांना थांबवा. या गाडीत ते बरोबर आहे.

मिसिंग करणारं इंजिन उगाच चालू ठेवू नका. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लालभडक होतो.

पायरी ४: चोरटी हवा

कंप्रेशन आणि ठिणगी ठीक असेल तर आयडलच्या बहुतेक तक्रारी इथे सुटतात. पण आधी आपली गाडी हवा मोजते कशी, हे माहीत हवं, कारण तीच गळती दोन गाड्यांत वेगळी लक्षणं दाखवते.

एफसीमध्ये एअर फ्लो मीटर आहे. आत येणारी हवा त्यातून जाते आणि त्या मापाने ईसीयू पेट्रोल देतो. मीटरनंतर कुठूनही हवा शिरली तर तिचा हिशोबच होत नाही. मिश्रण पातळ होतं, रेस झुलते, गाडी बंद पडते. याच कारणाने एफसीला हवेत फुसकारणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावू नये. मोजलेली हवा बाहेर गेली तरी पेट्रोल तिच्या मापानेच पडतं, आणि क्लच दाबला की इंजिन घुसमटून बंद होतं. पेडल सोडल्यावरच गाडी बंद पडते अशी तक्रार असेल तर आधी हेच पाहा.

एफडीमध्ये असा मीटर नाही. ती मॅनिफोल्डमधला दाब वाचून पेट्रोल ठरवते. गळती झाली की दाब वाढतो, ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोलही वाढवतो आणि रेस नुसती उंचावर, समजा १२०० किंवा १५०० वर, टांगून राहते. या दाबाच्या सेन्सरला जाणारी बारीक नळी ही माझ्या मते पूर्ण गाडीतली सर्वात महत्त्वाची नळी आहे. ती बूस्टमध्ये निसटली तर ईसीयूला बूस्ट कळतच नाही, पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन जातं. ती नवी घाला आणि दोन्ही टोकांना क्लिप लावा. हे आजच करा, बाकीचं निदान उद्या केलं तरी चालेल.

गळती शोधायची उत्तम पद्धत धुराची. धुराचं यंत्र नसेल तर दाबाची, ती पुढे येतेच आहे. चालू इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून रेस बदलते का ते पाहायची जुनी पद्धत या गाडीवर करू नका, कारण टर्बो आणि मॅनिफोल्ड अगदी जवळ असतात आणि तापलेले असतात. त्याऐवजी ब्रेक बूस्टरची, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत ओढणाऱ्या झडपेची) आणि चारकोल कॅनिस्टरची (पेट्रोलची वाफ धरून ठेवणाऱ्या डब्याची) नळी चिमट्याने एकेक दाबून रेस पडते का ते पाहा. त्याने बरंच कळतं. उरलेल्या ठिकाणांत इंजेक्टरखालचे रबरी ओ-रिंग, ऑइल नोझलच्या नळ्या आणि अप्पर-लोअर मॅनिफोल्डमधलं गॅस्केट आधी तपासा. या इंजिनात उष्णता इतकी असते की जुनं रबर हाताने वाकवलं तर बिस्किटासारखं तुटतं.

पायरी ५: थ्रॉटल, सेन्सर आणि आयडलचा व्हॉल्व्ह

गळती नाही तरी रेस उंच असेल तर थ्रॉटल बॉडीकडे या. थंड असताना थ्रॉटल किंचित उघडं ठेवणारा मेणाचा घटक, थर्मोवॅक्स, गरम झाल्यावर कॅम सोडतो. तो अडकला असेल, किंवा कोणीतरी थ्रॉटल बॉडीला जाणारी कूलंटची नळी बंद केली असेल, तर थ्रॉटल पूर्ण मिटत नाही. कॅमची चकती आणि तिच्यावरचा रोलर डोळ्यांनी पाहा. गरम इंजिनावर दोघांमध्ये फट दिसली पाहिजे. अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणलेली नाही ना, तेही इथेच बघून घ्या.

मग थ्रॉटल पोझिशन सेन्सर. एफडीच्या सेन्सरमध्ये दोन पट्टे असतात. गरम इंजिन, किल्ली ऑन, पेडल सोडलेलं, अशा स्थितीत अरुंद पट्ट्यावर ०.७५ ते १.२५ व्होल्ट आणि रुंद पट्ट्यावर ०.१ ते ०.७ व्होल्ट हवेत. थंड इंजिनावर हे माप घेतलं तर ते चुकतंच, कारण थर्मोवॅक्सने थ्रॉटल उघडं धरलेलं असतं. हळूहळू पेडल दाबताना व्होल्टेज सलग चढलं पाहिजे. मध्ये उडी किंवा खड्डा दिसला तर सेन्सर झिजला आहे.

आयडलचा व्हॉल्व्ह काढून काजळी साफ करा. त्यानंतरच आयडलचा स्क्रू, आणि तोही डायग्नोसिस कनेक्टरवर ठरलेली टोकं जोडून. तसं जोडल्याशिवाय स्क्रू फिरवला तर तुम्ही एकीकडे ओढता, ईसीयू दुसरीकडे ओढतो आणि दोन दिवसांनी आयडल पुन्हा बिघडतो.

दिवे किंवा पंखा लावल्यावरच रेस कोसळत असेल तर अल्टरनेटरचं व्होल्टेज आणि इंजिनाचे ग्राउंड तपासा. एफसीवर ३८०० फेऱ्यांच्या आसपास येणारा झटका प्रसिद्ध आहे. तिथे दुय्यम इंजेक्टर कामाला लागतात, आणि खराब ग्राउंड हे त्याचं नेहमीचं कारण. ग्राउंडची टोकं घासून पुन्हा बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे.

पायरी ६: आता बूस्ट, पण इंजिन बंद ठेवून

टर्बोच्या हवा ओढण्याच्या तोंडाला झाकण बसवा, त्यात वाल्व टाका आणि रेग्युलेटरने आधी ५ पीएसआय हवा भरा. एफसीमध्ये एअर फ्लो मीटर या वाटेतून वगळायचा. एफडीमध्ये दोन्ही टर्बोंची तोंडं बंद करायची. नंतर दाब १० पर्यंत न्या, त्याहून पुढे जायची गरज नाही. साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर लावत जा. सायलेन्सरमधून थोडी फुसफुस येईल. रोटरीत इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं काही क्षण एकत्र उघडी असतात, त्यामुळे ती येते. मुख्य शाफ्ट पान्याने नेहमीच्या दिशेने थोडा फिरवला की कमी होते.

एफडीमध्ये आधी दोन्ही टर्बोंची हवा एकत्र आणणाऱ्या वाय पाइपचा रबरी जोड आणि ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या प्लास्टिकच्या टोप्या पाहा. त्या टोप्यांना जुन्या गाड्यांत चिरा जातात. एफसीमध्ये वरच्या इंटरकूलरचे जोड आणि इंजेक्टर. एका जोडाची गळती बंद केली की दाब पुन्हा भरा, कारण मोठी गळती गेल्यावरच लहान ऐकू येते.

मग एक्झॉस्ट. पहिला कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर), विशेषतः एफडीचा टर्बोला लागून असलेला प्रीकॅट, आतून कोसळून तुंबला असेल तर बूस्ट उशिरा येतो, वरच्या फेऱ्यांना गाडी दमते आणि बॉनेटखाली प्रचंड उष्णता साठते. उभ्या गाडीत २५०० फेरे धरून ठेवले आणि व्हॅक्यूम हळूहळू घसरत गेला, तर एक्झॉस्ट तुंबल्याची शंका घ्यावी. तुंबलेला कॅट काढून मोकळा पाइप लावला की उलटी अडचण येते. मूळ वेस्टगेटचं (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेचं) तोंड लहान असल्याने बूस्ट ठरलेल्या आकड्यावर थांबत नाही, चढतच जातो. गाडी अचानक झटका देऊन मरते ती ईसीयूने पेट्रोल तोडल्यामुळे. तो इशारा आहे. पेट्रोल तोडण्याची ही सोय काढून टाकणारी उपकरणं मिळतात. ती लावणं म्हणजे इंजिनाचं शेवटचं संरक्षण काढणं होय. उपाय करायचा तो वेस्टगेटवर आणि पेट्रोलच्या पुरवठ्यावर.

एफडीचे दोन टर्बो: काटाच सांगतो काय बिघडलं

निरोगी मूळ एफडीचा बूस्ट १०-८-१० असा चालतो. पहिला टर्बो एकटाच १० पीएसआय देतो, ४५०० फेऱ्यांच्या आसपास दुसरा जोडला जाताना काटा क्षणभर ८ वर येतो आणि मग दोघे मिळून पुन्हा १०. या तीन आकड्यांपैकी कुठला चुकतो ते पाहिलं की शोध खूप आखडतो.

आत काय घडतं ते थोडक्यात. कमी फेऱ्यांना सगळा एक्झॉस्ट पहिल्या टर्बोकडे जातो. टर्बो प्रीकंट्रोल नावाची झडप त्यातला थोडासा दुसऱ्याकडे वळवून त्याला आधीच फिरतं ठेवते. ४५०० ला टर्बो कंट्रोलची मोठी झडप एक्झॉस्टच्या बाजूने उघडते आणि चार्ज कंट्रोलची झडप हवेच्या बाजूने. या झडपा हलवायला दोन टाक्यांत साठवलेला दाब आणि व्हॅक्यूम वापरला जातो, आणि टाक्यांच्या तोंडाशी एकेरी चेक व्हॉल्व्ह असतात.

आता वाचा. सुरुवातीचाच बूस्ट लंगडा आहे आणि ४५०० नंतर सगळं ठीक होतं? मग चार्ज कंट्रोलची झडप मिटत नसावी. तिला मिटून ठेवायला व्हॅक्यूम लागतो. तो नसला तर ती स्प्रिंगने उघडीच राहते आणि पहिल्या टर्बोची हवा दुसऱ्यातून मागे निसटते. व्हॅक्यूमची टाकी, तिचा चेक व्हॉल्व्ह आणि सोलेनॉइड तपासा. पायरी ४ मधली गळती इथे पुन्हा नडते ती अशी.

सुरुवात छान, पण ४५०० ला बूस्ट कोसळला आणि परत आलाच नाही? टर्बो कंट्रोल उघडत नाही. तिच्या अ‍ॅक्च्युएटरला (झडप हलवणाऱ्या भागाला) एका बाजूने दाब आणि दुसऱ्या बाजूने व्हॅक्यूम दोन्ही मिळायला हवेत. ८ ऐवजी ३-४ पर्यंत खोल खड्डा आणि मग हळूहळू चढण, असं असेल तर दुसरा टर्बो आधी पुरेसा फिरत नाही. प्रीकंट्रोलची झडप, तिचा अ‍ॅक्च्युएटर आणि नळी पाहा. सुरुवातीलाच बूस्ट प्रमाणाबाहेर जातो तो प्रीकंट्रोलची नळी निसटल्याने, आणि ४५०० नंतर जातो तो वेस्टगेटची नळी निसटल्याने, कारण पहिल्या टप्प्यात बूस्टला लगाम घालायचं काम प्रीकंट्रोलच करते. दोन्ही टप्प्यांत आकडा ७ च्या आसपास अडकला असेल, तर झडपा नुसत्या स्प्रिंगवर चालल्या आहेत आणि सोलेनॉइड आपलं काम करत नाहीत.

प्रत्येक अ‍ॅक्च्युएटरला त्याच्या प्रकाराप्रमाणे हातपंपाने व्हॅक्यूम किंवा रेग्युलेटरने थोडा दाब द्या. दांडी हलली पाहिजे आणि दिलेला व्हॅक्यूम किंवा दाब मिनिटभर टिकला पाहिजे. सोलेनॉइडला १२ व्होल्ट दिले की टक् आवाज यावा आणि फुंकर मारल्यावर हवेची वाट बदललेली कळावी. चेक व्हॉल्व्हमधून एकाच दिशेने फुंकता यावं.

नळ्या बदलायच्या ठरवल्या तर एक काढा, तिच्या जागी एक घाला. सगळ्या एकदम काढून टेबलावर मांडल्या की पुन्हा जुळवताना दोन सोलेनॉइडच्या नळ्या हमखास आलटापालटी होतात. आणि जुन्या नळ्या फेकण्याआधी प्रीकंट्रोल आणि वेस्टगेटकडे जाणाऱ्या नळ्या बोटांनी चाचपा. त्यांच्या आत हवेची वाट बारीक करणाऱ्या छोट्या धातूच्या गोळ्या बसवलेल्या असतात. त्या जुन्या नळीसोबत कचऱ्यात गेल्या की नव्या चकचकीत सिलिकॉन नळ्यांनिशी बूस्ट आधीपेक्षाही कमी येतो, आणि कारण कोणाला सापडत नाही.

पायरी ७: चाचणी

जागा बंद ट्रॅकची किंवा डायनोची (गाडी जागेवरच चालवून मोजायच्या यंत्राची). इंजिन पूर्ण गरम, टाकीत जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, शेजारी आकडे टिपणारा माणूस. तिसरा गिअर, २५०० पासून आधी अर्धं पेडल. वाइडबँडवर बूस्टमध्ये ११ च्या जवळपासचा आकडा दिसायला हवा. १२ च्या वर सरकू लागला तर त्याच क्षणी पाय उचला आणि पेट्रोलकडे वळा: पंपाचं व्होल्टेज, फिल्टर, प्रेशर रेग्युलेटर. रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम नळीत पेट्रोलचा थेंब दिसला तर त्याचा पडदा फाटला आहे.

अर्ध्या पेडलला आकडे बरोबर आले तरच पूर्ण पेडल, आणि पहिल्या वेळी ४००० पर्यंतच. दुसऱ्या वेळी ४५०० चा सांधा ओलांडून ५५०० पर्यंत. दर वेळी तीन गोष्टी लिहा: बूस्ट, मिश्रण आणि पाण्याचं तापमान. दोन चाचण्यांच्या मधे इंजिन काही मिनिटं आयडलवर ठेवा आणि व्हॅक्यूमचा काटा पुन्हा पाहा. तो आधीच्या आकड्यावर परत आला तर पुढची चाचणी करा. एक-दोन इंच खाली बसला असेल तर बॉनेट उघडा आणि नुकताच हात लावलेला जोड सगळ्यात आधी तपासा.